गुरुवारचे साहेब

प्रफुल्ल टिपणीस साहेब ठाण्यातून जाणार, ही बातमी फुटली आणि लोकांना घरातलाच कर्ता माणूस दूरदेशी निघाल्यासारखं वाटायला लागलं. आता लाचविरोधी आयोगाचा ठाण्याचा प्रमुख म्हणजे काही लाडका माणूस नव्हे. त्याला लांबूनच नमस्कार करावा आणि आपलं काम त्याच्याकडे कधी न पडो, एवढीच इच्छा करावी. पण टिपणीस साहेबांची गोष्ट निराळी होती. टेंभी नाक्याच्या देवीला ते आले तर रांगेत उभे राहून आले, आणि मागच्या दाराने न्यायला धावलेल्या कार्यकर्त्यांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं. कुणाच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. दिवाळीत येणारे मिठाईचे डबे ज्याचे त्याला पोचवायला त्यांनी एक शिपाईच नेमला होता, आणि त्या शिपायाला त्या आठवड्यात दुसरं काम नसे.

नियम मात्र आंधळा. आयोगात वरिष्ठ अधिकाऱ्याने एका जागी तीन वर्षं राहायचं, फार तर एक वर्ष वाढवून मिळायचं, आणि मग चंबूगबाळं आवरायचं. साहेबांची तीनही झाली होती आणि वाढीव वर्षही सरत आलं होतं. चांगला माणूस मिळाल्यावर त्याला धरून ठेवायचं सोडून हाकलायचं, हा कुठला न्याय, असं ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत जो तो म्हणत होता. नियमात एक फट होती. सरकारने नेमलेल्या समितीला पटलं तर खास बाब म्हणून आणखी मुदत देता यायची. मग काय, सह्यांची मोहीम निघाली. रिक्षा स्टँडवर टेबलं लागली, सोसायट्यांच्या गेटवर कागद फिरले, सरकारी ऑफिसांतूनही गठ्ठे आले. समिती ठाण्याला येणार, लोकांचं म्हणणं बघणार आणि साहेबांच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याला समोर बसवून विचारणार, असं ठरलं.

त्या कामासाठी नाव निघालं निरीक्षक वर्षाली साळवेचं. यात कुणाला नवल वाटलं नाही. कल्याणच्या चाळीत वाढलेली ही पोरगी नोकरीत आली तेव्हा आधीच्या प्रमुखांनी ‘तुम्ही लेडीज, उन्हातान्हात कशाला फिरता’ म्हणत तिला आवक-जावकच्या टेबलाशी बसवून टाकलं होतं. टिपणीस साहेब आले आणि पहिल्याच आठवड्यात तिला सापळ्यावर घेऊन गेले. सापळा म्हणजे काय, तर लाच द्यायच्या नोटांना पावडर लावून त्या तक्रारदाराच्या हाती द्यायच्या, समोरच्याने त्या घेतल्या की त्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवायचे. पाणी गुलाबी झालं की खेळ खलास. एकूण एक सापळ्याला साहेब जातीने हजर असत, आणि प्रत्येक वेळी वर्षाली त्यांच्याजवळ उभी असे. ते गेले तर नवा माणूस आपल्याला परत त्या टेबलाशी नेऊन बसवणार, ही धास्ती तिने कुणापासून लपवली नव्हती. समितीपुढे काय बोलायचं ते तिने आरशासमोर उभं राहून घोकलं होतं.

तिला एक खोड होती, चौकशीची. शेजारी कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या, तरी पाहुणे कोण आलेत ते कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. तिची आई भीमाबाई म्हणायची, "हिच्या नाकाला सरकारनं पगार चालू केला, बरं झालं. न्हाईतर चाळीनं हाकलली असती."

तर समिती यायच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी, वर्षाली ऑफिसात परतली तेव्हा जिन्याशी वाद चालला होता. पायरीवर पाटी ठेवून एक कोळीण उभी होती आणि दारावरचा शिपाई रघु तिची समजूत घालत होता.

"मावशी, उद्या या ना. उद्या गुरुवार आहे. गुरुवारी साहेब सगळ्यांना भेटतात, चहापण देतात."

"उद्या नाय जमाचा मना. उद्या त्याला पैसं द्याला जायाचं हाय," कोळीण म्हणाली. "ते द्याचं नसतं तं आज कनाला आली असती मी?"

वर्षालीने कान टवकारले. तिने बाईंना पाटीसकट वर नेलं, पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं. त्या होत्या जाईबाई. माहेर कोपरच्या खाडीकाठचं, राहायला दिव्याला, धंदा सुक्या मासळीचा. दिव्यात त्यांनी आयुष्यभराची कमाई घालून एक खोली घेतली होती. खोलीत सगळं होतं, पाणी तेवढं नव्हतं. नळजोडणीचा अर्ज केला त्याला पावसाळा उलटून गेला होता. तिथल्या एका ऑफिसात हितेश नावाचा कारकून होता, तो चहापाण्याचे मागत होता. द्यायला जाईबाईंची ना नव्हती म्हणे, पण तो आकडा दर खेपेला वाढवत होता, आणि तेव्हा त्यांचं डोकं फिरलं.

"आनि त्याचा नखरा बघ बाय," जाईबाई म्हणाल्या. "मंगलवारी गेलेली, तं हात लावाला तयार नाय. आज नको मावशी, गुरवारी ये. माझे जावंला पन गुरवार. शेजारनीला पन गुरवार. लाच खातो का उपास करतो, काय समजंना."

वर्षालीला हसू आलं. हा हितेश दत्ताचा नाहीतर साईबाबांचा भक्त असणार, आणि गुरुवारी घेतलेलं पचतं अशी त्याची समजूत असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. माणसं काय एकेक सोवळं पाळतात! तिने जाईबाईंना सांगितलं, की उद्या जा, पैशांची सोय झाली नाही म्हणून सांगा, आणि परवा इथे या. त्याप्रमाणे शुक्रवारी जाईबाई आल्या. आयोगाच्या ऑफिसात बसूनच, रेकॉर्डर चालू ठेवून, त्यांनी हितेशला फोन लावला.

"पैसं झालं रे. आज आनू काय?"

"आज नको मावशी, आज अजिबात नको," पलीकडून आवाज आला. "गुरुवारी या. जेवणाच्या सुट्टीनंतर."

मागणी तर रेकॉर्ड झाली. कायद्याला एवढं पुरेसं होतं. वर्षालीला नव्हतं. त्याच्या त्या ‘अजिबात’मध्ये भक्तीचा सूर नव्हता, दुसराच कसला तरी होता, आणि तो तिच्या डोक्यातून जाईना.

शनिवारी ती डोंबिवलीला मैत्रिणीकडे गेली. मेघालीचं शिवणकामाचं दुकान होतं आणि परवान्यासाठी ती हेलपाटे घालत होती. आडून आडून विचारायचा वर्षालीचा स्वभाव नव्हता.

"मेघे, खरं सांग. पैसे मागितले तुझ्याकडे?"

"अगं, तुला सांगून माझं काम अडकवू का? मागितले म्हणजे काय, दिले मी."

"कधी?"

"गेल्या गुरुवारी. का गं?"

येताना रिक्षा केली. रिक्षावाला चंदू त्यांच्याच चाळीतला, तोंडाळ माणूस. त्याला कुठल्याशा दाखल्यासाठी फेऱ्या माराव्या लागत होत्या. "ताई, तो बोलला ना, गुरुवारी ये, सेटिंग करून देतो. बाकी दिवस एकदम हरिश्चंद्र असतो साला." हे ऑफिस निराळं, गाव निराळं, माणूस निराळा. आणि मेघालीकडून पैसे घेणारा बाबा तर देवाधर्माच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता, हे मेघालीनेच सांगितलं होतं. म्हणजे भक्तीचा मुद्दा निकालात निघाला.

मग वर्षालीने तर्क लढवायला सुरुवात केली. शुक्रवारी कधीमधी लाइट जाते म्हणून कामं गुरुवारी उरकत असतील. नाही, टेबलाखालच्या कामाला लाइट कशाला लागते? वरचे साहेबलोक गुरुवारी मीटिंगला जात असतील. पण वरच्यांचा वाटा असेल तर त्यांना भ्यायचं कशाला? सोमवारचा अख्खा दिवस तिने यात घालवला. समितीसाठी तयार करायची टिपणं तशीच पडून राहिली. सह्यांचे गठ्ठे कोपऱ्यात छातीपर्यंत आले होते आणि जो तो तिला विचारत होता, "मॅडम, भाषण झालं का तयार?"

मंगळवारी संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा भीमाबाईने ताटात पिठलं-भाकरी वाढली. वर्षालीने नाक मुरडलं.

"आई, बोंबलाचं कालवण करते म्हणाली होतीस."

"करीन की. गुरुवारी."

"गुरुवारी कशाला? आज काय झालं?"

"आज मंगळवार. तुझा काय भरवसा? कधी येशील, कुठं जाशील. कालवण ताजंच खावं," भीमाबाई म्हणाली. "गुरुवारी तू दिवेलागणीला घरात असतीस. तुमचे साहेब त्या दिवशी कुणाला हलू देत न्हाईत. सगळ्या चाळीला ठावं हाय. ती शेजारची सरस्वती पन म्हणती, वर्षालीकडं काम असलं तर गुरुवारी जावं."

वर्षालीचा घास हातातच राहिला.

गुरुवारचा दिवस साहेबांनीच सुरू केला होता, चार वर्षांपूर्वी. लोक तक्रार घेऊन येतात, खाली पाटी वाचतात आणि जिन्यावरूनच माघारी फिरतात, हे त्यांनी आल्या आल्या पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, की गुरुवारी एकानेही बाहेर पडायचं नाही. सगळे अधिकारी टेबलावर, सगळ्या गाड्या आवारात, दार सताड उघडं आणि मधल्या हॉलमध्ये खुर्ची टाकून स्वतः साहेब. ज्याला यायचं त्याने यावं, बसावं, बोलावं. लोक आले, भीड चेपली, पेपरात फोटो छापून आले. साहेबांना आपल्या सगळ्या कामगिरीत या गुरुवारचा सगळ्यात जास्त अभिमान होता. आणि साहेब हॉलमध्ये बसले म्हणजे ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही सापळा लागणार नाही, हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कधीचंच कळलं होतं. भीमाबाईला कळलं होतं. आयोगातल्या कुणाला तेवढं कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांचं दार ठोठावलं आणि सगळं सांगितलं. साहेब ऐकत गेले तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"साळवे, तुम्ही म्हणता आहात की मी लोकांसाठी दार उघडलं, आणि त्याच दिवशी लोक लुटले जातात?"

"असं वाटतंय, सर."

"वाटतंय! शुक्रवारी समिती येते आहे आणि तुम्हाला आज वाटतंय!" ते खुर्चीतून उठले. एवढा चढलेला आवाज तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तीन ठिकाणी योगायोगाने एकच वार निघाला, की तुम्ही लगेच सुतावरून स्वर्ग गाठणार? तुम्हाला मीच शिकवलं ना, पुराव्याशिवाय बोलू नये म्हणून?"

वर्षाली रडायच्या बेतात होती, पण ती हलली नाही. "म्हणूनच आले, सर. उद्या गुरुवार आहे. जाईबाईंना त्याने उद्याच बोलावलंय. उद्या सापळा लावू."

"उद्या? आणि हॉलमध्ये कोण बसणार?"

"तुम्हीच, सर. तुम्ही बसलात तरच तो पैसे घेईल."

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली आवारात गाड्या पुसणं चाललं होतं. आपण नाही आणि सापळा आहे, असं त्यांच्या चार वर्षांत एकदाही झालं नव्हतं. त्यांना स्वतःशिवाय कुणाचा भरवसा वाटत नसे, हा त्यांचा गुण आहे असं सगळे मानत होते, वर्षालीसुद्धा. शेवटी ते वळले. "ठीक आहे. तुम्ही पुढे व्हा. गाडी नेऊ नका. आणि साळवे, तुमचं चुकलं असेल तर मला फार बरं वाटेल."

गुरुवारी साहेब नेहमीसारखे हॉलमध्ये बसले. वर्षालीने आजारी असल्याचं कळवलं, दोन शिपायांनी घरगुती कारणं काढली, आणि साक्षीला दुसऱ्या एका सरकारी खात्यातले दोन पंच बोलावले होते ते परस्पर दिव्याला आले. सगळे चंदूच्या आणि त्याच्या मित्राच्या रिक्षात बसून गेले. ऑफिस होतं एका दुकानाच्या वर. खाली टँकरपाशी हंड्याकळशांची रांग लागली होती आणि बायका एकमेकींच्या अंगावर ओरडत होत्या. वर्षाली साधा पंजाबी ड्रेस घालून अर्जाच्या रांगेत उभी राहिली, हितेशचं टेबल दिसेल अशी.

जाईबाई पाटी कमरेला लावून आत शिरल्या. हितेश पस्तिशीचा, गोरटेला, केस नीट बसवलेला माणूस. त्याने हसून त्यांना बसायला सांगितलं. जाईबाईंनी कमरेच्या पिशवीला हात घातला, तसा तो म्हणाला, "एक मिनिट हां, मावशी." आणि त्याने मोबाइल काढला.

"काय रे, बसलेत?" तो फोनवर म्हणाला. "हां... गर्दी आहे? गाड्या सगळ्या आहेत ना?... बरं बरं."

त्याने फोन खिशात टाकला, खण उघडला आणि मोकळेपणाने हात पुढे केला. "द्या आता."

आपलं बरोबर निघालं याचा वर्षालीला आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. जाईबाईंनी नोटा दिल्या आणि ठरल्याप्रमाणे डोक्यावरून पदर घेतला. पुढचं सगळं रोजच्यासारखं झालं. शिपायांनी हितेशचे हात मनगटाशी धरले, पंच पुढे आले, काचेच्या भांड्यात सोड्याचं पाणी ओतलं, बोटं बुडवली. पाणी गुलाबी झालं. जाईबाई ते वाकून बघत होत्या. "आगं बाय, काय रंग आयलाय!" त्या म्हणाल्या.

हितेश भांड्याकडे बघत नव्हता. तो वर्षालीकडे बघत होता. पकडलेली माणसं रडतात, ओरडतात, नोटा माझ्या नाहीत म्हणतात. हा नुसता चक्रावला होता.

"पण मॅडम, आज गुरुवार आहे ना?"

"आहे."

"साहेब तर तिकडे बसलेत. आत्ताच विचारलं मी."

"कुणाला विचारलं?"

"तिथं आमचा एक जण असतो ना. तक्रारदारांच्या बाकावर. आळीपाळीने जातो एकेक ऑफिसचा." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मग आता लपवण्यात काही राम नाही हे कळून तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याचे डोळे भरून आले. "साहेबांना काय तोंड दाखवू मी? देवमाणूस आहे हो. आम्ही सगळ्यांनी सह्या दिल्यात, त्यांना मुदत मिळावी म्हणून."

पंचनामा लिहिणाऱ्या शिपायाचा हात थांबला. वर्षालीने खुर्ची ओढली आणि हितेशच्या समोर बसली. आता ती निरीक्षक म्हणून विचारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुम्ही? तुम्ही का सह्या दिल्यात?"

"मग काय करणार?" हितेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोटेपणाचा लवलेश नव्हता. "साहेब म्हणजे कसे, मॅडम, एकदम टाइमटेबल. कधी बसणार, कधी निघणार, सगळं ठरलेलं. गुरुवार सोडून आम्ही कधी कुणाच्या पैशाला हात लावला नाही. आता नवीन कोण येणार, कसा येणार, त्याचा स्वभाव कळायलाच वर्ष-दीड वर्ष जाणार. तोवर माणसाने जगायचं कसं? साहेब राहिलेले बरे. सगळ्या ऑफिसांत हेच म्हणतात."

वर्षालीला तोंडात मारल्यासारखं झालं. या मोहिमेची पहिली सही तिने केली होती.

ती ठाण्याला परतली तेव्हा हॉल रिकामा झाला होता. साहेब तिची वाट बघत उभेच होते. फोन, बाकावरचा माणूस, चक्रावलेला हितेश, सगळं त्यांनी ऐकून घेतलं. बाकावरच्या माणसाला तर त्यांनी त्याच दिवशी चहा दिला होता. मग एकदम त्यांच्यात उत्साह आला.

"साळवे, मी तुमच्यावर ओरडलो, माझं चुकलं. पण हे फार चांगलं झालं. गुरुवार बंद. ठरलेला वारच नको. उद्या समितीला सांगा, चूक झाली, ती आम्हीच शोधली आणि आम्हीच दुरुस्त करतो आहोत. एक वर्ष द्या, म्हणावं. एका वर्षात मी यांची सगळी घडी विस्कटून टाकतो."

ते येरझारा घालत होते आणि कित्येक दिवसांत दिसले नव्हते एवढे ताजेतवाने दिसत होते. वर्षालीला वाटलं, इथेच थांबावं. वार बदलला की झालं. साहेब राहतील, आपण राहू, सापळे लागतील. त्यांच्यावर तिचा जीव होता. तिच्या वडिलांनंतर तिच्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कुणी टाकला नव्हता.

"सर, अजून एक आहे," ती म्हणाली. आणि तिने सह्यांचं सांगितलं, हितेशच्या शब्दांत, काही न गाळता.

साहेब थांबले. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडे त्यांची नजर गेली. पेपरवाल्यांना ते गठ्ठे त्यांनी स्वतः दाखवले होते.

"सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी, सर. आणि बाकीच्याही बऱ्याच ऑफिसांतून."

"वार कळलाय एवढंच नाही, मीच कळलोय त्यांना," साहेब हळूच म्हणाले. खाली रघु दारं लावत होता.

"उद्या हे समितीपुढे सांगाल?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, सर."

"मी म्हणेन तसं?" साहेब तिच्याकडे वळले. "चार वर्षांत मी तुम्हाला एवढंच शिकवलं का, साळवे?"

शुक्रवारी समितीच्या टेबलावर सह्यांचे गठ्ठे मांडून ठेवले होते. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, शांत. वर्षाली त्यांच्या समोर बसली. नियमाप्रमाणे साहेबांना बाहेर थांबता आलं असतं. ते आत येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

बाईंनी गठ्ठ्यांवर हात ठेवला. "एवढी माणसं म्हणतात, टिपणीस साहेबांनी राहावं. साळवे मॅडम, तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं त्यांनी राहावं, मॅडम," वर्षाली म्हणाली. "मनापासून वाटतं. पण..." ती तिथेच अडली. आरशासमोर घोकलेलं सगळं भाषण तिला आठवत होतं, त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

साहेबांनी आपल्यासमोरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "बोला, साळवे," ते म्हणाले. "थांबू नका."

वर्षाली पाणी प्यायली आणि तिने न्यायाधीश बाईंकडे बघितलं.

"पण काल आम्ही ज्याला पकडलं, मॅडम, त्यालाही वाटतं साहेबांनी राहावं. त्याची सही यात आहे. माझ्या सहीच्या खालीच कुठेतरी असेल."